उभ्या पिकाची भाडेकरीण

यवतमाळात आम्हाला घर नाकारणारे लोक पुष्कळ भेटले. मिळालेलं घर नाकारणारी बाई मात्र मी एकच पाहिली, आणि माझं नशीब असं की मला राहायचं होतं तिच्याच सोबत. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात त्या नर्स होत्या. उंच, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की एखादीला कळ यायची राहिली असेल तर ती तेवढ्याने यावी. घर पाहायला गेलो की त्या घरात जातच नसत. मालक किल्ली घेऊन पुढे, मी त्याच्या मागे, आणि सिस्टर कुठे राहिल्या म्हणून वळून पाहावं तर त्या आवारात उकिडव्या बसून मातीचं ढेकूळ चाखत असायच्या. चाखत म्हणजे खरोखर चाखत. आधी हुंगायच्या, मग तळहातावर थोडं पाणी घेऊन गोळी वळून पाहायच्या, आणि शेवटी जिभेच्या टोकाला कणभर लावून डोळे मिटायच्या. मालकाला वाटे, बाईला फिट आली.

मी तेव्हा नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत नवीन मास्तरीण होते. वय वीस, गाव दारव्ह्याकडचं. बापाने बजावलं होतं की शहरात एकटी राहायचं नाही. आपल्या समाजाची ती नर्सबाई आहे, तिच्यासोबत राहा. आमच्या दोघींच्याही घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता, त्यामुळे बापाच्या लेखी सिस्टर म्हणजे नात्यातल्याच. एकोणसाठ साली मी त्यांच्या खोलीवर ट्रंक घेऊन दाखल झाले. खोली माडीवर होती आणि पुढे पत्र्याच्या कठड्याची लहानशी गच्ची होती. त्या गच्चीत चौदा रॉकेलचे डबे होते आणि प्रत्येक डब्यात काही ना काही उगवलेलं होतं. पाय ठेवायचा झाला तर आधी मिरचीची परवानगी घ्यावी लागे.

त्या खोलीतून आम्हाला निघावं लागलं ते वालाच्या वेलामुळे. खाली राहणाऱ्या मालकाने नवा रेडिओ घेतला होता आणि त्याच्या एरियलची तार आमच्या गच्चीवरच्या बांबूला बांधली होती. सिस्टरच्या वालाला तो बांबू आवडला. श्रावणात वेल बांबूवर चढला, भाद्रपदात तारेवरून निम्म्यापर्यंत गेला, आणि मालकाच्या रेडिओवर कापसाचे भाव सांगणारा माणूस दमेकऱ्यासारखा घरघरू लागला. मालक वर आला, त्याने वेल उपटून खाली फेकला आणि पुढचा उन्हाळा संपायच्या आत खोली सोडा म्हणाला. सिस्टरने खोलीचं काहीच मनावर घेतलं नाही. त्या खाली अंगणात जाऊन मेलेल्या वेलापाशी बसल्या आणि एकेक फांदी उलटून पाहू लागल्या, कुठे एखादी पिकलेली शेंग आहे का. एकही नव्हती.

तेव्हा मला त्या वालाची गोष्ट कळली. सिस्टरची आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात निंदणखुरपण करत होती. स्वतःची म्हणून जमीन तिच्याकडे होती ती झोपडीमागची, दोन खाटा मावतील एवढी. त्यात ती काळ्या शेंगेचा वाल लावायची. असा वाल पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाकडे नव्हता म्हणे. आई गेली, भावाने झोपडी मोडून तिथे गोठा घातला, आणि सिस्टरच्या वाट्याला राखेत घातलेल्या बियांचा एक दुधीचा तुंबा आला. ते बी आता दोन वर्षं तसंच पडून होतं. गच्चीतल्या वेलाचं बी धरायचं आणि तुंबा ताज्या बियांनी भरायचा, असा त्यांचा बेत होता आणि तो रेडिओने खाल्ला. "अजून एक पावसाळा कोरडा गेला तं हे बी मरन," त्या म्हणाल्या. "डब्यात जमत नाही याले. याले जमीन पायजे." म्हणजे आम्हाला पावसाळ्याआधी नुसतं घर नको होतं, मागे जमीन असलेलं घर हवं होतं. मला खरं तर नुसतं घर चाललं असतं. पण मला कोण विचारतो.

घराबद्दल सिस्टरची मतं ठाम आणि तुच्छतेची होती. घर म्हणजे आवाराला चिकटलेली एक अडचण, अशा नजरेने त्या भिंतींकडे पाहत. छप्पर गळतं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचे प्रश्न वेगळे: विहिरीचं पाणी गोडं की खारं, शेजाऱ्याच्या कडुलिंबाची सावली कुठवर येते, आणि गल्लीत बकऱ्या कोणाच्या आहेत. मी एकदा स्वैपाकाची जागा अंधारी आहे म्हणाले तर म्हणतात, "भाकर आंधारात बी होते. कारलं होत नाही."

दुसरी खोड याहून त्रासाची. मालकाने दार उघडलं की नमस्कार, रामराम, काहीही व्हायच्या आधी सिस्टर सांगून टाकत: आम्ही दोघी बौद्ध आहोत, घर पाहायला आलो आहोत, आवार दाखवा. मालकाच्या तोंडावर मग जे काय व्हायचं ते दारातच होऊन जायचं. कोणाला एकदम आठवायचं की पुतण्या पुढच्या महिन्यात नागपूरहून येतोय. कोणाची बायको आतून खोकायची. एका जिनिंगच्या कारकुनाने तर 'घर भाड्याने देणे आहे' ही पाटी आम्ही वाचत असतानाच खिळ्यावरून काढून बगलेत धरली. उन्हातान्हात अशी पंधरा-सोळा घरं झाल्यावर मी म्हटलं, सिस्टर, आधी घर तरी बघू द्या, मग सांगा. त्यावर त्या रस्त्यात थांबल्या. "माती पाहून जीव लागते न बाई," त्या म्हणाल्या, "मंग नाही म्हणलं का लय लागते. त्याच्यापरीस आधीच नाही म्हणू दे." हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं पहिलं मऊ वाक्य, आणि ते संपायच्या आत त्या एका बकरीवर ओरडल्या.

एका घराच्या दारात मात्र आम्हाला चहा मिळाला. त्या गृहस्थाची बायको महिन्यापूर्वीच सिस्टरच्या हातून बाळंत झाली होती. मूल आडवं होतं आणि जीवावर बेतलं होतं. त्याने सिस्टरना ओळखलं, हात जोडले, तुमचे उपकार फिटणार नाहीत म्हणाला, ओट्यावरच बसवून चहा पाजला, आणि घर मेव्हण्याला कबूल केलंय असं सांगितलं. सिस्टरने मुलाचं वजन विचारलं, दूध कसं पितो ते विचारलं, आईला मेथीचे लाडू द्या म्हणून सांगितलं. मी मनातून फणफणत होते. रस्त्याला लागल्यावर म्हटलं, तुम्ही काही बोलला कशा नाहीत? म्हणाल्या, "जगात आल्यावर त्या पोराले पयला हात लागला तो माझा. आता बाप त्याले कितीबी धुवो." मग त्या इतक्या मोठ्याने हसल्या की समोरून येणारा सायकलवाला उतरला.

आणि अशातच आम्हाला घर मिळालं. लाकडाची टाल, म्हणजे वखार, चालवणाऱ्या एका चाचांनी, सिस्टरचं दारातलं भाषण पूर्ण व्हायच्या आत, हां हां ठीक है म्हणून किल्ली पुढे केली. दोन पक्क्या खोल्या, फरशी, नळ दोन घरं सोडून. मी मनातल्या मनात ट्रंक कुठे ठेवायची ते ठरवूनही टाकलं. तेवढ्यात मागून सिस्टर थुंकत आल्या. माती चुनखडीची होती आणि वर वीतभर लाकडाचा भुसा. त्यांनी चाचांना सांगितलं की घर चांगलं आहे, तुम्हीही चांगले आहात, पण आम्हाला हे जमणार नाही. चाचांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "सिस्टर, मिट्टी में क्या रक्खा है? छत देखो छत." सिस्टर म्हणाल्या, छतावर वाल लावून पाहिला, रेडिओ बिघडतो. मी तिथेच, लाकडाच्या ओंडक्यावर बसून, भर दुपारी रडले. सगळ्या यवतमाळने नाही म्हटलं, एकाने हो म्हटलं, आणि आम्ही त्याला नाही म्हणून आलो. चाचांनी मला पाणी दिलं आणि सिस्टरकडे अशा नजरेने पाहिलं की असली माणसं त्यांनी फाळणीतही पाहिली नव्हती.

म्हणून पुढचं जे झालं त्यात माझा दोष आहे, आणि मी तो कबूल करते. शाळेतल्या एका बाईंनी मला एक घर सांगितलं. मालकीण विधवा होत्या, पुढच्या घरात एकट्या राहायच्या, सगळे त्यांना काकू म्हणत. मागचं दोन खोल्यांचं घर त्यांना एकट्या बायकांना द्यायचं होतं. रविवारी सिस्टर ड्यूटीवर गेलेल्या पाहून मी एकटीच गेले. आवार पाहिलं आणि मलाच चक्कर आली. तीन बाजूंनी कुंपण, कोपऱ्यात वेगळी विहीर, आणि जमीन काळी, भुसभुशीत, पाऊल रुतेल अशी. काकूने नाव विचारलं, मी सांगितलं. सोबत कोण, तर दवाखान्यातल्या सिस्टर. मग त्यांनी गाव विचारलं, आणि त्या गावचे आमचे सोयरे आहेत, म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच की, असं म्हणाल्या. मी हसले. नुसतं हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला घरी येईपर्यंत समजावत होते. संध्याकाळी सिस्टरने एकच विचारलं, सांगितलंस ना? मी म्हटलं, हो. ते मात्र खोटंच होतं.

सिस्टरने त्या घराची माती चाखली आणि कितीतरी वेळ डोळे उघडले नाहीत. मग त्या उठल्या, लुगड्याचा काष्टा मारला आणि कुदळ मागितली. आमचं सामान अजून बैलगाडीत होतं. खोलीचं छप्पर तीन ठिकाणी गळत होतं. त्यांनी त्या तीन जागी बालद्या ठेवल्या आणि ते पाणी मिरचीला घालायला सांगितलं. आषाढात एका सकाळी त्यांनी तुंबा उघडला. पस्तीस बिया होत्या. त्यांनी त्या मोजून, फुंकून, कुंपणाच्या कडेने टोचल्या. सहा दिवस त्या ड्यूटीवरून आल्या की चप्पल न काढता तिकडे जात. सातव्या दिवशी अकरा बिया उगवल्या. चोवीस गेल्या. सिस्टर त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाल्या की भूक नाही. पण त्या आनंदाने जेवल्या नव्हत्या की दुःखाने, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या दिवसांत मला सिस्टर खऱ्या कळल्या. गादीवाफ्यात बसल्या की त्यांची जीभ सुटायची. जगातल्या सगळ्या गोष्टी त्या मातीने मोजत. आमच्या हेडमास्तरला त्यांनी एकदाच पाहिलं आणि मुरमाड म्हणून निकालात काढलं. त्यांना नवरा होता, उमरखेडकडे कुठेतरी, लग्नानंतर दोन वर्षांत त्याने दुसरी केली होती. त्याबद्दल मी चाचरत विचारलं, तर खुरपं न थांबवता म्हणाल्या, "माय-बापानं घर पाह्यलं, छप्पर पाह्यलं. माती कोणीच पाह्यली नाही." आणि पुढच्या ओळीला लागल्या. वॉर्डातले किस्से तर विचारू नका. मोठमोठ्या घरच्या सुना कळा आल्या की सासूचा उद्धार कसा करतात, याची हुबेहूब नक्कल त्या आंबाडी खुडता खुडता करत. मी शाळेत मुलींना शुद्धलेखन सांगताना मध्येच मला ते आठवायचं आणि फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागायचं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी काकू आंबाडी मागायला आवारात आल्या. वाल कुंपणभर पसरला होता, पण अजून फुलावर यायचा होता. काकूने सगळीकडे फिरून पाहिलं, फार खुश झाल्या. म्हणाल्या, बरं झालं बाई, आपल्यातली चांगली माणसं मिळाली. हल्ली कोणीही येतं, काही सांगत नाहीत नि घरात शिरतात. सिस्टर वाफ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी विहिरीच्या रहाटाकडे पाहिलं. त्या रहाटाला चार खिळे होते हे मला त्या दिवशी समजलं.

"मास्तरणीनं तुमाले सांगतलं नाही वाटते," सिस्टर म्हणाल्या. "आमी बौद्ध आहो, काकू. हिनं सांगाले पायजे होतं, नाही सांगतलं. मी विचारून घ्याले पायजे होतं तुमाले, मी नाही विचारलं. माती पाहून माह्यं बी डोकं ठिकाणावर नव्हतं."

काकूच्या हातातली आंबाडीची जुडी खाली गेली. ती टाकली की पडली, ते त्यांचं त्यांना माहीत. मग म्हणाल्या की खोली सोडा. सिस्टर म्हणाल्या, सोडतो. त्यांचा आवाज अगदी वॉर्डातला होता, सरळ. पण मग त्या वालाकडे वळल्या आणि तो आवाज बदलला. मी त्यांना कोणाकडे काही मागताना तोवर पाहिलं नव्हतं. "तेवढी शेंग वाळू द्या, काकू. मायचं बी आहे. अकराच येल उगवले. आता उपटलं तं संपलं."

काकू वेलाकडे पाहत राहिल्या. मला वाटलं झालं, ही आता स्वतःच्या हाताने उपटते. पण काकू शेतकऱ्याच्या घरच्या होत्या. त्यांच्या सासऱ्याने एकदा बटईने वावर दिलेल्या माणसाला ज्वारी कणसात आलेली असताना काढून लावलं होतं, आणि त्याच साली घरातला कर्ता मुलगा, म्हणजे काकूचा नवरा, तापाने गेला होता. तेव्हापासून त्या घरात एक नेम होता. तो त्यांनी आमच्याकडे न बघता, वेलाला सांगितल्यासारखा सांगितला: "उभ्या पिकातून मी कोणाले काढत नाही. पीक निघालं का खोली मोकळी करा." आणि आंबाडी तिथेच ठेवून त्या गेल्या.

सिस्टर माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. स्वैपाक करायच्या, ताट वाढायच्या, बोलायच्या नाहीत. त्यांचा आरडाओरडा परवडला, ही शांतता जिवावर यायची. नवव्या दिवशी मीच त्यांच्यासमोर बसले आणि रडत म्हटलं की मी तुमच्या वालासाठीच केलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "वालासाठी नाही केलं. उन्हात फिराचा कंटाळा आलता तुले." हे इतकं खरं होतं की माझं रडू थांबलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मातीचा. "छप्पन साली एवढं नाव घेतलं ते लपवाले घेतलं काय, पोरी? कोणी नाही म्हणलं तं त्याचं घर जाते, आपलं काय जाते?" मला त्यावर पुष्कळ काही जात असतं असं म्हणायचं होतं, पण आठ दिवसांनी बोलत होत्या, म्हणून मी गप्प बसले.

पण खरी गंमत मी सांगितलीच नाही. काकूने नेम सांगितला त्याच संध्याकाळी सिस्टरने वांग्याची रोपं आणून लावली. मी तेव्हा अबोल्यात असल्यामुळे विचारू शकले नाही. पुढे पौषात वालाच्या शेंगा वाळल्या, काळ्याभोर, तुंबा गळ्यापर्यंत भरला. काकू आल्या, पीक निघालं का म्हणून. सिस्टरने अदबीने वांगी दाखवली, ऐन भरात आली होती. काकू वांगी पाहून गेल्या. वांगी संपत आली तेव्हा कांदा पोसत होता. कांदा काढायच्या आत भेंडी हातभर झाली होती. काकू दर वेळी यायच्या, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, आणि दर वेळी आवारात काहीतरी उभं असायचंच. मी सिस्टरना म्हटलं, ही लबाडी नाही का? त्या रागावल्या. "मी चोरून लावून राह्यली काय? तिच्या डोयासमोर लावून राह्यली." दुसऱ्या वर्षी त्यांनी लिंबाचं झाड लावलं आणि काकूला स्वतःहून जाऊन सांगितलं की याला फळ धरायला चार वर्षं लागतील. काकू म्हणाल्या, "पाच बी लागतात."

अशा आम्ही तिथे सहा वर्षं राहिलो. काकू बदलल्या वगैरे काही नाही, उगीच खोटं कशाला सांगू. आमच्याकडे त्या कधी पाणी प्यायल्या नाहीत. भाजी मात्र घ्यायच्या. सिस्टर टोपली विहिरीच्या कठड्यावर ठेवून चार पावलं मागे यायच्या, मग काकू पुढे होऊन उचलायच्या. सिस्टर हे सगळं कवायतीसारखं टाचा जुळवून करायच्या, त्यामुळे मला हसू आवरायचं नाही. एकदा त्यांनी काकूला विचारलंच, "काकू, आमच्या पाण्याले विटाळ आहे, वांग्याले नाही. मंग वांगं कायच्यावर वाढलं?" काकूने बराच विचार केला. म्हणाल्या, वांगं शिजवलं की शुद्ध होतं. सिस्टर म्हणाल्या, मग पाणी उकळून देऊ का? काकू टोपली घेऊन तरातरा गेल्या, पण तिसऱ्या दिवशी भोपळा किती झाला ते पाहायला आल्या. पुढे पुढे तर आवारातल्या दगडावर त्यांची बसायची जागाच ठरली. कोबीला इथे हवा मानवत नाही, गवार लावून बघा, असं सुचवायच्या. आपण यांना घालवायला आलो आहोत हे त्या जाताना एकदा म्हणायच्या, देवाला घंटा वाजवल्यासारखं.

सहासष्ट साली जून महिन्यात सिस्टरची पुसदला बदली झाली. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी आवारात कारली लगडलेली होती आणि लिंबाने पहिल्यांदा बार धरला होता. सिस्टरने ते काकूला जाऊन सांगितलं. काकू दगडावर बसल्या आणि म्हणाल्या की एवढं उभं टाकून कसं जाता येईल. सिस्टर म्हणाल्या, सरकारला तुमच्यासारखा नेम नाही.

निघायच्या दिवशी काकू पुढच्या दाराने न येता आवारातून आल्या. त्यांनी इकडचं तिकडचं काढलं. पुसदला ऊन फार असतं, एसटीत डाव्या बाजूला बसा, वगैरे. मग म्हणाल्या, त्या काळ्या वालाचं थोडं बी देता का? पाऊस पडला की टोचीन म्हणते. आणि बोलता बोलता त्यांनी पदर पुढे पसरला. पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलेलं, वरून टाकायचं, हात लागू द्यायचा नाही. त्यात त्यांचा हेका नव्हता, हाताला सवय होती.

सिस्टरने तुंबा उघडून मूठ भरली. ती मूठ पदरावर आली आणि तिथे थांबली, उघडली नाही.

"पदरात देत नाही मी हे," त्या म्हणाल्या. "मायनं माह्या हातात देलतं. हात करा."

काकूने पदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी या वेळी रहाटाकडे पाहिलं नाही. बाहेर गाडीवाला बैलांना काहीतरी म्हणत होता. सिस्टर तशाच उभ्या, बाळंतिणीपाशी उभ्या राहत तशा, घाई नाही, काही नाही. काकूने पदर सोडला. उजवा हात पुढे केला. सिस्टरने त्यात बी ओतलं, आपल्या दोन्ही हातांनी काकूची मूठ मिटवली आणि घटकाभर तशीच धरून ठेवली. "आता सांडू नका," त्या म्हणाल्या. काकू मूठ छातीशी धरून घरात गेल्या आणि गाडी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

एसटी स्टँडवर सिस्टर माझ्याशी धड बोलल्या नाहीत, कारण लिंबाच्या कलमाचा डबा टपावर नको, मांडीवर पाहिजे म्हणून त्यांचं कंडक्टरशी भांडण चाललं होतं. ते त्या जिंकल्या. गाडी हलल्यावर खिडकीतून त्यांनी मला एवढंच सांगितलं की नाक पूस, वर्गातल्या पोरी हसतील. मी पुसलं. गाडी वळली तरी त्यांचा आवाज येत होता, पुढच्या सीटवरच्या माणसाला पाय नीट ठेवा म्हणून.

मी त्या घरात एकटीच राहिले. काकूने खोली सोडा म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. तीन आठवड्यांनी पाऊस झाला. सकाळी मी दार उघडलं तर काकू आवारात, कुंपणापाशी, एका हातात खुरपं आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली अशा उभ्या. मला म्हणाल्या, "वाल किती खोल टोचाचा असते वं, मास्तरीण?"

मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मी त्या वालाच्या शेंगा खाल्ल्या, निवडल्या, शाळेत डब्यात नेल्या, आणि एकदाही वाकून पाहिलं नव्हतं की ते बी किती खोल जातं. मी काकूला तसं सांगितलं. "मले बी नाही माहीत," त्या म्हणाल्या, "मी नुसती दगडावर बसून राहे." मग आम्ही दोघी त्या ओल्या जमिनीकडे पाहत उभ्या राहिलो. वाफे सगळे जागच्या जागी होते. सिस्टर नव्हत्या. बदलीची ऑर्डर आली तेव्हा, गाडी हलली तेव्हाही मी जेवढी रडले नव्हते, तेवढी तिथे, काकूसमोर, उभ्याने रडले. काकूने मला रडू दिलं. मग त्या म्हणाल्या, पुसदला पत्र टाक, आणि उत्तर येईपर्यंत बी मुठीतच ठेवायचं असल्यासारख्या तशाच दगडावर जाऊन बसल्या.